एका दोरीवर तीन माश्या

"आता काठी वर उचल आणि थांब. पाच मोज."

मे महिन्यातली सकाळ, इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या तलावाचा दक्षिणेकडचा फाटा. आमची नाव वाऱ्याला आडवी होऊन सरकत होती. मागे पाण्यात छत्रीसारखं कापड सोडलेलं होतं, त्याला इथे ड्रोग म्हणतात. ते नावेला मागून धरून ठेवतं, म्हणून वेग रमतगमत चालणाऱ्या माणसाइतकाच. शेजारचे आजोबा (माझी लेक त्यांना आजोबाच म्हणते, आता मीही) नावेच्या दुसऱ्या टोकाला बसलेले. मी दोर ओढत आणला होता आणि सवयीने पुन्हा फेकणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. दोराला तीन खोट्या, गळावर बांधलेल्या माश्या होत्या. सगळ्यात वरची माशी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली, बाकीच्या दोन तिच्याखाली सरळ लोंबकळत होत्या. एक, दोन, तीन... आणि दोर तिरका झाला. झटका असा नाहीच, कुणीतरी पदर धरून ओढावा तसा.

या थांबण्याला इथले लोक 'हँग' म्हणतात. मासा कितीतरी वेळ आमिषाच्या मागे मागे येतो, पण तोंड लावत नाही. ते वर चढून अचानक थांबलं की त्याचा विचार पक्का होतो. घाईने दोर उचलून मी पहिल्या हंगामात किती मासे सोडले असतील, कुणास ठाऊक.

मी देवबागचा. कर्लीच्या खाडीत बाबांबरोबर गरवायला जायचो तेव्हा एक दोर, एक गरी, वर कोळंबीचा तुकडा. बाबा दोन्ही हात पसरून वाव मोजत दोर सोडायचे. लेस्टरला आल्यावर शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा त्यांची पेटी उघडून दाखवली, तेव्हा आत खरं आमिष नव्हतंच. पिसं, रेशमी धागा, तांब्याची बारीक तार, आणि त्यांतून गळावर बांधलेल्या शेकडो खोट्या माश्या.

ट्राउट हा गोड्या पाण्यातला मासा. खोट्या माश्यांनी तो धरायची ही पद्धत नदीवर वेगळी आणि साठलेल्या पाण्यावर वेगळी. वाहत्या पाण्यात मासा एका जागी तोंड करून उभा असतो, खाणं त्याच्याकडे वाहत येतं. तलावात त्याला खाण्यामागे फिरावं लागतं. रटलंड वॉटर सुमारे 3,100 एकरांचं आहे. 1970च्या दशकात एम्पिंगहॅमला ग्वॉश नदीचं खोरं अडवून ते बांधलं, त्यात नेदर हॅम्बल्टन हे गाव गेलं. नॉर्मंटनचं चर्च मात्र लोकांनी वाचवलं. ते आता काठावर अर्धं भरावात पुरलेलं उभं आहे. त्याच्या जवळून नाव गेली की मला उजनी धरणाच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ आठवतं. एवढ्या पाण्यात मासा कुठे आहे, यापेक्षा तो किती खोल आहे, हा प्रश्न अवघड.

कारण ती खोली तासातासाला बदलते. तळाच्या चिखलात न चावणाऱ्या डासासारख्या एका कीटकाच्या अळ्या असतात, लालभडक. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्यातही असतं. त्यांचे कोष होतात आणि ते तळापासून हळूहळू वर येतात. त्यांना इथे 'बझर' म्हणतात. शिवाय पाण्यातले पिसवेएवढे जीव, डॅफ्निया: कडक ऊन पडलं की खाली जातात, ढग आले की वर येतात. ट्राउट त्यांच्यामागे. म्हणून एकाच दोरीवर तीन माश्या, तीन वेगळ्या खोलींवर. कुठलीला मासा लागला ते बघायचं आणि मग तिन्ही तिथेच न्यायच्या. हे समजलं त्या दिवसापासून मला तीन माश्यांमध्ये हाव दिसेनाशी झाली.

बांधणी अशी. काठी 10 फुटी. जाड दोराच्या पुढे साधारण 18 फूट बारीक, पाण्यात जवळजवळ न दिसणारा फ्लुरोकार्बन धागा. त्याच्या शेवटी एक माशी, तिच्या 5 फूट मागे दुसरी, आणखी 5 फूट मागे तिसरी. मागच्या दोघी चार-सहा इंचांच्या फांद्यांवर बसतात, त्या फांदीला ड्रॉपर म्हणायचं. दोन धागे जोडून वॉटर नॉट मारायची, चार वेढे, थुंकीने ओली करायची आणि मगच आवळायची. कोरडी आवळली तर धागा तापतो आणि कमजोर होतो. गाठीतून दोन टोकं निघतात. खाली रोखलेलं ड्रॉपर म्हणून ठेवायचं, वर रोखलेलं कापायचं. आजोबांनी हे मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा गार होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायला लावलं.

माझी सगळ्यात लाडकी मांडणी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. नावही तेच, 'वॉशिंग लाइन'. शेवटी फोमच्या डोळ्यांची तरंगणारी माशी, बूबी, आणि ती व मुख्य दोर यांच्यामध्ये दोन बारीक, काळपट माश्या झोळ खाऊन लटकतात. त्यातली एक नेहमी दिआउल बाख. वेल्श भाषेत याचा अर्थ छोटा सैतान. हाताच्या बोटांनी इंग्रजी आठचा आकडा काढत दोर इतका सावकाश गोळा करायचा की पाण्याला कळू नये.

नवख्या माणसाने मात्र एकाच माशीने सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. वारा असेल तर तीन माश्यांचा गुंता मिनिटभरात होतो आणि सोडवत बसलं तर अर्धा तास जातो. धागा कापून नवीन बांधणं बरं. फेक संथ आणि मोठ्या वर्तुळात हवी, वजनदार माशी टोकाला हवी. आणि गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. कधी दोन मासे एकदम लागतात, धागा तुटतो आणि एखादा तोंडात माशी घेऊन निघून जातो. काटा नसेल तर ती त्याच्या तोंडातून लवकर सुटते.

इथे कुणाला यायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा: इंग्लंडमध्ये 13 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला अशा मासेमारीसाठी काठीचा परवाना लागतो, तलावाचं दिवसाचं तिकीट वेगळं.

त्या सकाळचा मासा इंद्रधनुषी ट्राउट होता, दोन पौंडांच्या आसपास. आजोबांनी लांब, अरुंद चमचा काढला, मासा मारल्यावर त्याच्या घशातून आत सरकवला, फिरवला आणि बाहेर आलेलं बशीतल्या पाण्यात झटकलं. काळे बझर पसरले. तांदळाच्या दाण्याएवढे, वळलेले, डोक्याशी पांढरे झुपके. त्यातले दोन अजून वळवळत होते. आम्ही दोघं बराच वेळ त्या बशीवर वाकून बसलो.

संध्याकाळी मासा तव्यावर होता आणि बाबा फोनच्या पडद्यावर. मी त्यांना पूर्ण बांधणी दाखवली.

"तीन गरी? मगे तीन मासे गावतले?"

"नाय बाबा, एकच गावलो."

"खयच्या गरीक लागलो?"

"मधल्या."

बाबा थोडं थांबले. "मधल्या म्हणजे कितक्या खाली?"

मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात पसरून दाखवले. एक वाव, थोडा कमीच.