पंखा थांबला की विमान पडतं

निळंभोर आकाश, त्यात कोरून काढल्यासारखं स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. रिव्हेट मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. आणि नाकाशी चार पाती, बंद पडलेल्या घड्याळाच्या काट्यांसारखी गप्प. असा फोटो पाहणारा आधी ‘वा!’ म्हणतो आणि लगेच त्याच्या मनात पाल चुकचुकते: हे दोऱ्याला टांगलेलं खेळणं तर नाही? यात दोष विमानाचाही नाही आणि लेन्सचाही. दोष १/२००० सेकंदाचा आहे.

हवाई प्रदर्शनांत उडणाऱ्या जुन्या लढाऊ विमानांच्या फोटोंचं सगळं सुखदुःख या शटर स्पीडपाशी, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं त्यापाशी, येऊन थांबतं. विमान स्पष्ट हवं आणि पंखा अस्पष्ट हवा. एकाच चौकटीत, एकाच क्षणी. बाकीच्या छायाचित्रणात हललेला भाग म्हणजे चूक. इथे तो नसला तर चूक.

गणित सोपं आहे. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं. ते मिनिटाला २४०० फेऱ्यांवर चाललंय असं धरू. पंखा मात्र तेवढ्या फेऱ्या घेत नाही, कारण मध्ये गिअर असतो. बऱ्याच मर्लिनमध्ये तो ०.४७७ चा. म्हणजे पंख्याच्या फेऱ्या ११४५, सेकंदाला एकोणीस. आता १/१००० ला पातं जेमतेम सात अंश सरकतं, म्हणजे थांबलंच. १/२५० ला सत्तावीस अंश: हललंय हे कळतं, पण पातं पातंच राहतं. १/१२५ ला पंचावन्न. चार पात्यांमध्ये नव्वद अंशांचं अंतर असतं. त्यामुळे १/८० च्या आसपास एका पात्याची पुसट रेघ दुसऱ्याला जाऊन मिळते आणि नाकापुढे अखंड, झिरझिरीत चकती उभी राहते. त्या चकतीसाठी माणसं दिवसभर उन्हात उभी राहतात.

पण हाच आकडा सगळ्यांना लावायचा नाही. हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाचं वास्प इंजिन पंखा थेट फिरवतं, गिअर नाहीच. २००० फेऱ्या म्हणजे पंख्याच्याही २००० च. उड्डाणाच्या वेळी त्या आणखी वाढतात, पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ पोचतात, आणि म्हणून हार्वर्ड दिसण्याआधी कान फाडत येतं. पंखा इतका जोरात फिरतो तर चकती सहज मिळेल, असं वाटतं. मिळत नाही, कारण पाती दोनच. १/१२५ ला शहाण्णव अंश भरतात, हवे असतात एकशेऐंशी. पूर्ण चकतीसाठी १/६० पर्यंत उतरावं लागतं. तेव्हा आधी पाती मोजायची, मग शटर ठरवायचं.

आणि इथेच गोची होते. ताशी ४०० किलोमीटरने जाणारं विमान १/१२५ सेकंदात जवळजवळ ९० सेंटिमीटर पुढे सरकतं. तेवढ्या वेळात कॅमेराही त्याच्याबरोबर, त्याच वेगाने, त्याच रेषेत फिरला नाही तर पंख्यासकट सगळंच धूसर. याला पॅनिंग म्हणतात आणि ते हातांनी करायचं काम आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. ते पायांनी करायचं असतं. विमान जिथे टिपायचंय त्या दिशेला पावलं रोखून उभं राहायचं, मग कमरेतून मागे वळून येणारं विमान पकडायचं. ते समोर येईपर्यंत शरीराचा पीळ आपोआप सुटत जातो आणि नेमक्या क्षणी आपण सर्वांत सैल, सर्वांत स्थिर असतो. बहुतेकजण उलटं करतात: येणाऱ्या विमानाकडे तोंड करून उभे राहतात आणि ते समोर येईस्तोवर कमरेचा पीळ पूर्ण आवळलेला असतो. मग बसतो झटका. कोपरं बरगड्यांना टेकलेली हवीत, बटण दाबायचं बोट हलकं हवं, आणि शटर मिटल्यावरही कॅमेरा क्षणभर फिरत राहायला हवा. बॅट चेंडूला लागताच कोणी फटका थांबवत नाही, तसंच. तिपाई घरीच ठेवावी. विमान डोक्यावरून गेलं की ती फक्त पायात येते.

लेन्समधला स्टॅबिलायझरही पॅनिंगच्या मोडवर लावावा लागतो. नाहीतर तो इमानदारीने आपलं फिरवणं हीच थरथर समजतो आणि तिच्याशी भांडत बसतो. आणि सगळं जमूनही कधी कॉकपिट लख्ख आणि शेपूट पुसट येतं. ती हाताची चूक नव्हे. जवळून जाणाऱ्या विमानाचं नाक आणि शेपूट आपल्या डोळ्यांपुढून वेगवेगळ्या कोनीय वेगाने सरकतात; कॅमेरा एकाच वेगाने फिरू शकतो. कॉकपिट स्पष्ट असलं की पुष्कळ. माणूस माणसाला शोधतो; शेपटाकडे कोणी बघत नाही.

शटर खाली आणलं की दुसरं दुखणं सुरू होतं. भर दुपारी १/८० म्हणजे प्रकाशाचा पूर. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता) तळाला गेला तरी लेन्सचं छिद्र मिटत मिटत एफ १६ वर आणि पुढे एफ २२ वर जातं. (एफ १६ म्हणजे इथे लढाऊ विमान नव्हे.) एवढ्या बारीक छिद्रातून दोन गोष्टी होतात. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ पडतं, आणि सेन्सरवरची धूळ जिवंत होते. एरवी न दिसणारा प्रत्येक कण कोऱ्या आकाशात काळा ठिपका होऊन बसतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं, लांबवर आणखी दोन-चार विमानं आहेत. उपाय दोन: आदल्या रात्री सेन्सर साफ करणं आणि लेन्सवर दोन-तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लावणं. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) ठरावीक दिशेने कंप पावणाराच प्रकाश आत सोडणारा पोलरायझर त्याऐवजी चालतो, पण तो जपून. कॉकपिटवरच्या अॅक्रिलिकच्या झाकणात साचलेला ताण त्यातून इंद्रधनुषी डागांच्या रूपात दिसतो. वैमानिकाच्या डोक्यावर साबणाचा फुगा बसल्यासारखा.

उजेडाचा हिशेब कॅमेऱ्यावर सोडला तर तो आकाशाचा हिशेब करतो. पांढुरक्या ढगांपुढे विमान कोळशासारखं येतं. तिथे एक ते दीड स्टॉप वाढवावा लागतो. तेच विमान खाली झाडांच्या रेषेवर आलं की वाढवलेला उजेड पंखावरचा रंग धुऊन टाकतो. म्हणून जुनेजाणते मॅन्युअलवर राहतात, उजेडाचे आकडे स्वतःच ठरवतात: ऊन बदलत नाही, मग मागे काय आहे याची फिकीर कशाला? १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या स्वारीसाठी दोस्तांच्या विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारले गेले; आजही अनेक विमानं तो वेष घालून उडतात. त्या पांढऱ्यात तपशील टिकला तर उजेड बरोबर, असं धरून चालावं.

मेकॅनिकल शटर असेल तर तेच वापरावं. सेन्सर हळू वाचणाऱ्या कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने टिपतं. तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं आणि फोटोत ते कोयत्यासारखं वाकतं. कधी मुळापासून तुटून हवेत तरंगतंही. असलं विमान धावपट्टीवरही टिकणार नाही, मग उडण्याची गोष्टच सोडा.

जमिनीवर मात्र शटर हवेतल्यापेक्षाही खाली लागतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रांगत जाणाऱ्या स्पिटफायरचं इंजिन १००० फेऱ्यांवर, पंखा सेकंदाला आठ. तिथे १/६० लासुद्धा पाती सुटी दिसतात, १/३० हवं. ताऱ्याच्या आकाराचं रेडियल इंजिन असेल तर आधी मेकॅनिकांकडे बघावं. ते हाताने पाती ओढून पंखा फिरवू लागले की उठून उभं राहायचं. खालच्या सिलिंडरांत रात्रभर तेल झिरपून साचतं. ते तसंच ठेवून इंजिन चालू केलं तर पिस्टन त्या न दबणाऱ्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे फिरवणं त्यासाठी. फोटो काढणाऱ्याला ती सूचना: थोड्याच वेळात निळसर-पांढरा धुराचा लोट येणार.

दुपारचं काहीच फार खरं नसतं. तापलेल्या धावपट्टीवरून उठणारी हवा लांबच्या लेन्समध्ये अशी थरथरते की विमान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, आणि महागडी लेन्स ती थरथर फक्त मोठी करून दाखवते. संगणकावर कितीही धार लावा, ती जात नाही. अशा वेळी सावलीत बसून मेमरी कार्ड रिकामं करावं. इंग्लंडमधल्या डक्सफर्डला तर प्रेक्षकांचं तोंडच दक्षिणेकडे, म्हणजे दुपारभर सूर्य समोर. ओल्ड वॉर्डनला उलट मजा आहे: तिथली प्रदर्शनाची रेषा मध्येच वाकते, त्यामुळे विमान प्रेक्षकांभोवती वळसा घेत जातं आणि पाठ दाखवतं. याला बनाना पास म्हणतात. पोट सगळीच विमानं दाखवतात. पंखांची वरची बाजू, त्यांवरची हवाई दलाच्या खुणेची वर्तुळं, कॉकपिटमधलं डोकं, हे सगळं त्या एका वळणात मिळतं. ते येण्याआधीच लांबलचक बर्स्ट मारून, म्हणजे धडाधड फोटो काढून, कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डावर जाण्याआधीची तात्पुरती जागा) भरून ठेवणारे लोक मग हताशपणे लुकलुकणारा लाल दिवा बघत बसतात.

जेटची गोष्ट थोडक्यात. हंटर असो की व्हॅम्पायर, फिरणारं काही बाहेर दिसतच नाही. १/१२५० लावा, उजेड सांभाळा, फोटो येतो. सोपं आहे. म्हणूनच कदाचित पंख्याच्या माणसांना त्यात रमता येत नाही.

सॉपविथ कॅमलसारख्या पहिल्या महायुद्धातल्या विमानात तर पंख्याबरोबर अख्खं इंजिनच गरगरतं. क्रँकशाफ्ट तेवढा विमानाला जखडलेला. ते वंगण म्हणून एरंडेल पितं आणि उरलेलं वैमानिकाच्या अंगावर उडवतं. वेग कमी करायला वैमानिक बटण दाबून ठिणगीच तोडतो, त्यामुळे उतरताना आवाज तुटक तुटक येतो. मिनिटाला १२०० च्या आसपास फेऱ्या, पाती दोन. पूर्ण चकतीला १/४० लागेल. त्यात हे हलकं विमान वाऱ्यावर वरखाली डुलतं, म्हणजे आडवं पॅनिंगही पुरत नाही. शंभरातला एखादा फोटो टिकला तरी माणूस खूश.

संध्याकाळी ऊन तिरकं होतं आणि पत्र्यावरचा प्रत्येक जोड उठून दिसू लागतो. शेवटचं विमान जागेवर येतं. इंजिन दोनदा ठसकतं, चकती विरळ होत जाते, तिच्यातून पाती एकेक करून बाहेर येतात, एक पातं किंचित मागे सरून थांबतं. मेकॅनिक रेडियलखाली तेलाचा ट्रे सरकवतो. आता १/२००० लावलं तरी चालेल.