तुम्ही विचारलंत म्हणून: चौदाव्या वर्षी मत द्यायचं कळतं का?

नागरिकशास्त्र शिकवते, आठवी-नववीला, असं सांगितलं की पाच मिनिटांच्या आत प्रश्न येतो: ‘मग काय बाई, या वयाच्या पोरांना मत द्यायचं कळेल का?’ बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं, त्यावर माझा शिक्का तेवढा हवा असतो. ‘नाही’ म्हटलं तर समोरचा सुखावतो. ‘हो’ म्हटलं तर तो माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतो आणि विषय बदलतो. खरं उत्तर या दोन्हींत बसत नाही आणि ते ऐकायला कुणाला वेळ नसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. यापुढे कुणी विचारलं की हे वाचायला देईन.

काही आक्षेप आधी निकालात काढते. ‘रील बघून मत देतील.’ देतील काही जण. मोठी माणसं मोबाइलवर पुढे ढकललेला मजकूर वाचून देतात, त्यांचं मत कुणी काढून घेत नाही. ‘कर भरत नाहीत.’ वस्तू विकत घेणारा प्रत्येक जण कर भरतो, आणि कराचा नि मताचा संबंध बहुतेक देशांनी केव्हाच तोडलाय. ‘आईबाप सांगतील तिथे देतील.’ हा आक्षेप मात्र मी निकालात काढू शकत नाही. त्याच्याकडे येतेच.

‘तयार आहेत का’ हा प्रश्न आजवर प्रत्येक नव्या मतदाराबद्दल विचारला गेलाय आणि विचारणारे नेहमी आधीच आत बसलेले होते. ब्रिटनमध्ये १९१८ साली बायकांना मत मिळालं ते वयाची तिशी ओलांडलेल्यांनाच, तेही मालमत्तेच्या अटीसह. पुरुषांना मात्र एकविसाव्या वर्षी, आणि युद्धावर गेलेल्यांना एकोणिसाव्या. बायकांना तीच एकविसाची अट लागू व्हायला १९२८ उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बायका देशपातळीवर मत देऊ लागल्या १९७१ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेने मताचं वय एकविसावरून अठरावर आणलं, कारण अठराव्या वर्षी लढायला व्हिएतनामला पाठवलेल्या मुलाला मत देण्याइतकी अक्कल नाही असं म्हणणं अवघड होऊन बसलं होतं. भारतात एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये लागू झाली आणि एकविसाचे अठरा झाले. तेव्हा रातोरात अठरा वर्षांच्या मुलांच्या मेंदूत काय बदल झाला? काहीच नाही.

तयारीची परीक्षा घेऊन पाहिलीय लोकांनी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत मतदाराला वाचता-लिहिता येतं का हे तपासायच्या नावाखाली काळ्या माणसांना वर्षानुवर्षं मतपेटीपासून लांब ठेवलं. १९६५ च्या कायद्याने त्या परीक्षेला तिथे चाप बसला. उलट १९५१-५२ मध्ये भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. त्यांना ‘आधी शिकून या’ असं सांगितलं नाही. प्रत्येक उमेदवाराला चिन्ह दिलं, चिन्ह लावलेली वेगळी पेटी दिली. मतदार बदलायच्या ऐवजी मतदानाची रीत बदलली. वर्गात हे सांगताना मला दरवर्षी तितकाच आनंद होतो.

आता मला न आवडणारी गोष्ट. मेंदूचं संशोधन माझ्या आठवी-नववीच्या बाजूने नाही. ११ देशांतल्या ५,००० हून अधिक जणांवर केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, वयं १० ते ३०. शांतपणे, सावकाश विचार करायचा असेल तर सोळाच्या सुमारास माणूस मोठ्यांच्या बरोबरीला येतो. राग, घाई, मित्रांचा दबाव यांत स्वतःला सावरणं मात्र अठराच्याही पुढे पिकत राहतं. मतदान हे पहिल्या प्रकारातलं काम आहे: तारीख महिनाभर आधी माहीत असते, विचाराला वेळ असतो, आडोशामागे माणूस एकटा असतो. म्हणून सोळाला मत द्यावं असं म्हणणारे हा अभ्यास पुढे करतात. ऑस्ट्रियाने २००७ मध्येच सोळा केलं. २००९ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीच्या वेळी तिथल्या अभ्यासकांनी तपासलं, तर सोळा-सतरा वर्षांच्या मतदारांनी आपापल्या विचारांशी जुळणारा पक्ष मोठ्यांइतकाच नीट निवडला होता. सोळाच्या बाजूने एवढं आहे. तेरा-चौदाच्या बाजूने असं काही माझ्या हाती नाही. इराणमध्ये पंधराव्या वर्षी मत होतं, तेही २००७ मध्ये अठरावर नेलं गेलं.

तरी बरीच वर्षं मी चौदाची वकिली करत होते. त्याचं कारण एक निवडणूक.

मी ज्या शाळेत होते तिथे विद्यार्थी प्रतिनिधी निवडायची पद्धत होती. नावापुरतीच. त्या वर्षी मी म्हटलं, खरी घेऊ. उमेदवारांनी भाषणं करायची, पेटी ठेवायची, मतमोजणी सगळ्यांसमोर. दोन उमेदवार उभे राहिले. एक शिक्षकांचा लाडका: पहिल्या बाकावरचा, वह्या नीटनेटक्या. दुसरा मागच्या बाकावरचा, बडबड्या, गुण बेताचे. पहिल्याने शिस्तीवर भाषण केलं. दुसऱ्याने एकच मुद्दा मांडला: मुलींच्या स्वच्छतागृहाला तासांच्या वेळात कुलूप असतं, ते काढायला लावीन. वर्गात हशा पिकला. मुली मात्र हसल्या नाहीत.

तो निवडून आला, चांगल्या फरकाने.

शिक्षक-खोलीत लगेच निदान झालं: पोरांनी गंमत म्हणून मत दिलं, विनोदी मुलाला निवडलं. कुलपाचा विषय कुणी काढलाच नाही. मी काढला तेव्हा ‘तो प्रश्न वेगळा आहे’ असं ऐकायला मिळालं. तो वेगळा प्रश्न नव्हता, निवडणुकीत तोच एक प्रश्न होता. चौदा वर्षांच्या मुलींनी उमेदवाराची वही पाहिली नाही, गुण पाहिले नाहीत, तो मुलगी नाही हेही बाजूला ठेवलं आणि आपल्या अडचणीवर बोलणाऱ्याला मत दिलं. मोठ्या माणसांनी असं मत दिलं की आपण त्याला जागरूक मतदार म्हणतो.

खरं घडलं ते नंतर. चिठ्ठ्यांवर उमेदवाराचं नाव हाताने लिहायची शाळेची जुनी रीत होती. मोजणीनंतर पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. वर्गशिक्षिका रोज मुलांच्या वह्या तपासायच्या, कुणाचं अक्षर कुठलं हे त्यांना शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला बोलावलं. ‘तूसुद्धा?’ एवढंच विचारलं म्हणे. ती म्हणाली, ‘बाईंनी सांगितलं होतं, मत गुप्त असतं.’ मग तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. वडील सज्जन गृहस्थ, आवाज चढवला नाही. ‘मी घरी विचारतो तिला,’ म्हणाले. त्या वाक्याने ती जशी खाली बघायला लागली ते मी दारात उभी राहून पाहिलं.

मी भांडले. तोंडी भांडले, लेखी दिलं, चिठ्ठ्या पाहिल्या त्यांचं नाव घेऊन बोलले. निकाल रद्द झाला तो झालाच. ‘मुलं अजून तयार नाहीत’ असं कारण सूचनाफलकावर लागलं आणि पहिल्या बाकावरचा मुलगा नेमला गेला. कुलूप तसंच राहिलं.

पुढच्या वर्षी मी हट्टाने छापील चिठ्ठ्या करून घेतल्या, नावांपुढे चौकोन, अक्षर कुणाचं दिसायचा प्रश्नच नाही. आडोसा उभा केला. मी स्वतः पेटीपाशी बसले. ती मुलगी आत गेली, खूण केली, बाहेर आली. चिठ्ठीची घडी घातली नव्हती. उघडी चिठ्ठी तिने छातीशी धरली होती, अशी की शेजारी उभ्या असलेल्या वर्गशिक्षिकांना वाचता यावी. मी हळूच म्हटलं, ‘घडी घाल गं.’ ती म्हणाली, ‘राहू दे बाई.’ तिच्यामागून आलेल्या चौघीपाचजणींनीही घडी घातली नाही.

शिक्षकांना हवा तो मुलगा जवळपास एकमताने निवडून आला. मुख्याध्यापक खूष. ‘बघा,’ मला म्हणाले, ‘वर्षभरात केवढी समज आली मुलांना.’

यानंतर मी प्रत्येक चर्चेत म्हणत असे: चौदाला मत द्या. त्यांना कळतं. न कळणारे आपण आहोत. आजही यातली शेवटची दोन वाक्यं मला खरी वाटतात. पण त्यांतून काढलेला पहिल्या वाक्यातला निष्कर्ष गळून पडलाय आणि तो कधी गळला ते नेमकं सांगता येत नाही. ज्या घटनेने मला चौदाच्या बाजूला नेलं, तीच आता मला अडवते. पहिल्या वर्षी ती मुलगी मत द्यायला पूर्ण तयार होती. दुसऱ्या वर्षी तिची समज कमी झाली नव्हती, वाढलीच होती. ती काय करत होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे गुण वर्गशिक्षिकांच्या हातात, घरी परतायची वेळ वडिलांच्या हातात, फोन, फी, पुढच्या वर्षीची शाळा, सगळं दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाचं मत किती काळ त्याचं राहील?

इथे माझी जुनी मी उसळून उठते. अगं, हाच तर जुना युक्तिवाद! जे दुसऱ्यावर अवलंबून आहेत त्यांना स्वतःची इच्छा नसते, म्हणून मालमत्तावाल्यांनाच मत, असं इंग्लंडचे कायदेपंडित अठराव्या शतकात सांगत होते. बायकोला मत म्हणजे नवऱ्याला दोन मतं, हेही त्याच चालीवर. तिथे कुळं जमीनदाराच्या डोळ्यांदेखत तोंडाने मत सांगायची, मग जमीन सुटायची भीती असणारच. त्यावर उपाय म्हणून कुळांचं मत काढून घेतलं का? नाही, १८७२ चा कायदा करून मत गुप्त केलं. मग मुलांसाठी तू आडोसा आणखी पक्का करायचं सोडून मतच का नाकारतेस?

मी तिला सांगते की आडोसा मी केला होता. छापील चिठ्ठी होती, पडदा होता, मी पेटीपाशी होते, तरी घडी पडली नाही. ती म्हणते, एका शाळेवरून तू अख्ख्या वयाचा निकाल लावतेस? बरोबर आहे तिचं. पण पूर्वी तीसुद्धा याच एका शाळेवरून उलटा निकाल लावत होती.

ज्यांना माझ्याकडून ‘नाही’ हवंय त्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. तुम्हाला ‘नाही’ का हवंय ते मला माहीत आहे. जर्मनीत २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी पहिल्यांदा मत दिलं. तरुण मतदार हरित पक्षाकडे जातील असा बऱ्याच जणांचा होरा होता. तरुणांतली हरित पक्षाची मतं घसरली, उजव्या एएफडीची वाढली. मग ज्यांची निराशा झाली त्यांच्यातच, यांना खरंच कळतं का, अशी कुजबुज सुरू झाली. मुलं आपल्यासारखं मत देतील तोवर समंजस, नाहीतर कच्ची. आमच्या मुख्याध्यापकांनी कुठली नवी गोष्ट केली नव्हती.

तर माझं आजचं म्हणणं: सोळाला हो, आत्ता, आणि शाळेत असतानाच, कारण घर सोडून शिकायला-कमवायला बाहेर पडण्याच्या धांदलीत पहिलं मतदान हुकलं की पुढचीही हुकत जातात. चौदाला नाही. आणि हे ‘नाही’ सांगताना मला बरं वाटत नाही.

सोबत शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मुलगी दबावाखाली आहे म्हणून तिला मत नाही. घरात तितक्याच दबावाखाली असलेल्या तिच्या आईचं मत काढून घेशील का?’ मी म्हटलं, अर्थातच नाही. ‘मग?’ ती म्हणाली.

आई मोठी आहे, असं म्हणणार होते. ते उत्तर नाही हे तोंड उघडायच्या आधीच कळलं, म्हणून गप्प बसले. अजून काही सुचलेलं नाही, आणि चौदाला अजून माझं नाहीच आहे.