नवेगावबांधच्या मुरमावरचा दवबिंदू

दवबिंदू, म्हणजे चिकट पानांनी किडे पकडून खाणारं इवलंसं झाड, पाहायचं असेल तर घनदाट जंगलात नका शोधू, उघड्या मुरमाड जागेवर शोधा. हे उमजायला मला गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या वेळी हिरवीगार ठिकाणं पालथी घातली, हाती काही आलं नाही. या खेपेला दसरा उलटल्यावर गेलो आणि गावाबाहेर एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीखाली, जिथं पाणी नुसतं झिरपत असतं, तिथं उकिडवा बसलो.

"काय शोधून राहिले जी?" म्हशी घेऊन चाललेल्या काकाजींनी विचारलं. मोबाइलवरचा फोटो दाखवला. "अठी त गवतबी धड येत नाही," ते म्हणाले. नेमकं तेच कारण! असल्या जमिनीत नत्र फार कमी, म्हणून हे झाड ते किड्यांच्या अंगातून मिळवतं.

आणि दिसला. रुपयाच्या नाण्याएवढं लालसर चक्र, जमिनीला चिकटलेलं. पानांवरच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एक चिलट येऊन बसलं आणि कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळले. मी श्वास रोखून पाहत होतो. मधून निघालेल्या बारीक दांडीवर पांढरी फुलं. हा ड्रोसेरा बर्मानी, दवबिंदूची एक जात. जवळच, बांधीच्या (धानाच्या शेताच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या लांब पानांचा ड्रोसेरा इंडिका होता, गुलाबी फुलांचा.

याचा गोल पानांचा भाऊबंद, ड्रोसेरा रोटुंडिफोलिया, नॉर्वे, सायबेरिया, अलास्काच्या थंड दलदलीत वाढतो. तिथंही जमीन अशीच उपाशी. तो हिवाळ्यात पानं मिटून घट्ट कळीसारखा पडून राहतो. आपला बर्मानी उन्हाळ्यापुढे स्वतः टिकत नाही, मातीत बी ठेवून जातो. एकाच कुळाच्या या दोन तऱ्हा मला फार आवडतात.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठावा. नागपूरहून रायपूर रस्त्यानं कोहमारा, तिथून आत वळायचं; रेल्वेनं गोंदिया-बल्लारशाह लाईनवरचं देवलगाव. सकाळी आठ ते दहा उत्तम, ऊन चढलं की फुलं मिटतात. धान उभं असतं, तेव्हा बांधीत शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारा आणि धुऱ्यावरूनच चाला. सापांसाठी गमबूट घाला. पाऊल टाकण्याआधी खाली बघा, कारण एका पावलाखाली दहा-बारा झाडं सहज जातात.

उपटून घरी नेऊ नका. कुंडीतल्या खतमातीत आणि नळाच्या पाण्यावर ते जगत नाही. अशा जागांना पडीक म्हणून मुरूम उपसायला देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दहापट मोठं दाखवणारी भिंगं दोन न्या. माझं एकच होतं. काकाजींना पाहायला दिलं, तर ते गुडघे टेकून बसले आणि म्हशी पार तळ्यापर्यंत गेल्या तरी उठले नाहीत.