घरी बांधलेली होडी : प्लायवूड, रेझिन आणि जळगावचे ऊन

हतनूर धरणाच्या मागे तापीचे पाणी चांगदेवपर्यंत पसरते आणि तिथे पूर्णा तिला येऊन मिळते. हिवाळ्यात या फुगवट्यावर बदकांचे थवे उतरतात. पण ते काठापासून इतके आत असतात की दुर्बिणीतूनही धड ओळखू येत नाहीत, आणि इंजिनाची होडी जवळ गेली की उडून जातात. म्हणून दोन माणसे बसतील, पिकअपमध्ये घालून नेता येईल आणि वल्ह्यांवर चालेल अशी एक लहान होडी आपणच बांधावी, असे माझ्या मनाने घेतले. जळगावात होडी बांधणारा कोणी मला भेटला नाही. परंतु चांगले प्लायवूड ठेवणारी दुकाने होती आणि एमआयडीसीत फायबरचे काम करणारे कारागीर होते, आणि या पद्धतीला तेवढे पुरते.

पारंपरिक होडीत आधी लाकडाचा सांगाडा उभा करतात आणि मग त्यावर फळ्या ठोकतात. मी निवडलेल्या पद्धतीत सांगाडाच नसतो. प्लायवूडचे तुकडे ठरावीक आकारात कापायचे, कडेला भोके पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, आतल्या सांध्यांत रेझिनची, म्हणजे मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट राळेची, लांबी (पुट्टी) भरायची आणि वरून काचेच्या तंतूंचे कापड चढवायचे. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘मिरर’ नावाची लहान शिडाची होडी याच रीतीने आखली, आणि ती सामान्य लोकांनी हजारोंच्या संख्येने घरी बांधली. सुतारकामाचे फारसे शिक्षण नसलेल्या माणसालाही हे जमते, यावर माझा विश्वास त्या इतिहासामुळेच बसला.

प्लायवूड घेताना मी घासाघीस केली नाही. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द दुकानात सर्रास वापरला जातो. पण पाहायचा असतो तो आयएस ७१० हा शिक्का. या मानकात प्लायवूडचा नमुना ७२ तास उकळूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी अट आहे. मी दुकानदाराकडून एक तुकडा मागून आणला, तो दिवसभर पातेल्यात उकळला, वाळवला, पुन्हा उकळला आणि मग पटाशीने थर सोडवून पाहिले. लाकूड फाटले, चिकट जागा सुटली नाही. दुसरी तपासणी कापलेल्या कडेची. आतल्या थरांत पोकळी असेल तर ती कडेला काळ्या रेघेसारखी दिसते, आणि नेमकी तिथेच पुढे होडी वाकवताना चीर जाते. सहा मिलिमीटर जाडीचा आठ बाय चारचा एक ताव साधारण बारा-तेरा किलो भरतो. मी तीन ताव घेतले.

कापण्याआधी पुठ्ठ्याची होडी केली, एका फुटाला एक इंच या मापाने. हा पोरखेळ नव्हे. सपाट तुकड्यांच्या वक्र कडा एकमेकींना जोडल्या की सपाट पुठ्ठा आपोआप फुगतो, नाक वर उचलले जाते आणि कागदावर न दिसणारा आकार हातात येतो. कुठली कड कमी-जास्त आहे हेही तिथेच कळते. प्रत्यक्ष प्लायवूडवर दर फुटाला एक बिंदू मांडला, प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोकला आणि त्या खिळ्यांना टेकवून सागाची एक लवचीक पट्टी वाकवली. पट्टी एखाद्या खिळ्यापाशी अडखळली तर माप चुकीचे समजायचे, पट्टी बरोबर समजायची. तिच्या कडेने पेन्सिल फिरवली की होडीची रेघ तयार होते.

होडी अकरा फुटांची आणि ताव आठ फुटांचा, म्हणून जोड देणे भाग होते. जाडीच्या आठपट लांबीचा उतार दोन्ही तुकड्यांना काढायचा, म्हणजे सहा मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, आणि दोन्ही उतार एकमेकांवर चिकटवायचे. रंधा मारत गेलो तसे प्लायवूडचे थर उतारावर गडद-फिकट पट्ट्यांच्या रूपात उघडे पडू लागले. या पट्ट्या सरळ आणि समांतर असतील तर उतार सारखा आहे. एखादी पट्टी वाकली तर तिथे रंधा जास्त बसला आहे. इतके चोख मोजमाप पट्टी-गुण्यानेही मिळत नाही.

शिवण्याचे काम एका रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये झाले. कडेपासून एक सेंटिमीटर आत, दर पंधरा सेंटिमीटरला एक भोक, त्यातून तारेचा तुकडा आणि बाहेरून पक्कडीने पीळ. पीळ एकदम आवळायचे नाहीत, सगळीकडून थोडे थोडे आवळत न्यायचे. शेजारचे एक आजोबा अमळनेरकडचे, त्यांनी हे तारांचे काटे पाहून अहिराणीत विचारले, “हाई बुडाव नही ना भाऊ?” त्या अवस्थेत तिच्यातून हातभर ऊन आरपार दिसत होते, त्यामुळे त्यांची शंका रास्तच होती. होडीला पीळ बसला आहे की काय, हे मात्र याच टप्प्यावर पाहावे लागते, कारण रेझिन भरल्यावर आकार कायमचा होतो. त्यासाठी गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी फार कामाला आली: पुढे आणि मागे एकेक आडवी पट्टी ठेवून चारही टोके एका पातळीत आणली, आणि मग कर्ण मोजले.

यापुढचे सगळे काम रेझिनचे, आणि खानदेशात रेझिनचे काम म्हणजे उन्हाशी व्यवहार. इथले फायबरचे कारागीर पॉलिस्टर रेझिन वापरतात. ते स्वस्त आहे आणि पूर्ण फायबरच्या वस्तूंना उत्तमच आहे, पण लाकडाला इपॉक्सी अधिक घट्ट धरते आणि घट्ट होताना आकसतही कमी, म्हणून मी इपॉक्सी घेतले. ज्या कारागिराकडे मी कापड बसवायला शिकलो, त्याला माझा वजनकाटा पाहून हसू आले. “सर, आमचं माप तर झाकणानं ऱ्हातं,” तो म्हणाला. पॉलिस्टरमध्ये ते चालते, कारण तिथला उत्प्रेरक एक ते दोन टक्क्यांच्या दरम्यान कमी-जास्त करून वेळ लांबवता किंवा आवरता येतो. इपॉक्सीत हार्डनर, म्हणजे रेझिनला घट्ट करणारा दुसरा घटक, हा मिश्रणाचाच अर्धा संसार असतो. तो जास्त घातला म्हणून काम लवकर होत नाही, उलट मऊ राहते. डब्यावरचे वजनाचे प्रमाण ग्रॅममध्ये पाळावेच लागते. पॉलिस्टर वापरणाऱ्याने मात्र एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी: कोबाल्टचा प्रवेगक आणि एमईकेपी हा उत्प्रेरक एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याचा भडका उडतो.

मिश्रण घट्ट होऊ लागण्याआधीचा, डब्यावर लिहिलेला अर्ध्या तासाचा अवधी २५ अंशांचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की हा अवधी साधारण निम्मा होतो, म्हणजे ३५ अंशांना पंधरा मिनिटे, आणि ४५ अंशांच्या मे महिन्यात जेमतेम सात-आठ. होडीवर हात घालण्याआधी मी मुद्दाम एक प्रयोग केला. मार्चच्या दुपारी शंभर ग्रॅम मिश्रण कागदी पेल्यात ठेवले आणि तेवढेच एका पसरट ताटलीत ओतले. पेल्यातले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापत गेले, पिवळे पडले, धुरावले आणि पेल्याचा तळ करपला. ताटलीतले त्याच वेळी ब्रशने लावण्याजोगे होते. त्यानंतर मी पेला हातात धरलाच नाही. मिश्रण थोडे करायचे आणि लगेच ताटलीत पसरायचे, ही शिस्त शेवटपर्यंत पाळली.

याहून महत्त्वाची बाब वेळेची आहे. लाकडात हवा असते. सकाळी रेझिन लावले तर दिवस चढेल तशी ती हवा प्रसरण पावते आणि रेझिनमधून बुडबुडे काढत बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी सगळा पृष्ठभाग सुईने टोचल्यासारखा दिसतो. संध्याकाळी, लाकूड निवत असताना लावले तर आतली हवा आकसते आणि रेझिनला आत ओढून घेते. म्हणून माझे काम दिवेलागणीनंतर सुरू होई. ऋतूही त्याच हिशेबाने निवडावा लागला. डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट दहा अंशांच्या आसपास जाते आणि रेझिन रात्रभर चिकटच राहते, पावसाळ्यात दमट हवेने वर मेणचट थर येतो, आणि एप्रिलनंतर तर विचारच नको. कापणे-शिवणे दिवाळीनंतर आणि रेझिन फेब्रुवारी-मार्चच्या रात्री, हे वेळापत्रक जळगावकडच्या माणसाने डोळे झाकून धरावे.

सांध्यांत भरायच्या लांबीसाठी रेझिनमध्ये बारीक चाळलेला लाकडाचा भुसा आणि थोडी सिलिकाची पूड मिसळली. चमचा उलटा केला तरी मिश्रण खाली पडू नये, इतके ते घट्ट हवे. गोल टोकाच्या लाकडी पट्टीने ते सांध्यात ओढले की कोपऱ्याला गोलाई येते आणि काचेची पट्टी त्यावर न सुरकुतता बसते. नंतर तारा कापून काढल्या, होडी पालथी घातली, बाहेरच्या कडा घासून गोल केल्या आणि चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे विणलेले कापड अंथरले. कापड कोरडे असताना पांढरेशुभ्र दिसते आणि रेझिन पुरेसे पिताच पूर्ण पारदर्शक होऊन खालचे लाकूड दिसू लागते. पांढुरका डाग राहिला की तिथे हवा आहे, आणि कापड तरंगून चकाकले की रेझिन जास्त झाले आहे. जास्तीचे रेझिन रबरी पट्टीने काठाकडे ओढून काढले. बाजारात सहज मिळणारी चुऱ्याची, म्हणजे काचेच्या तुटक तंतूंची, मॅट इपॉक्सीबरोबर घेऊ नये. तिच्या तंतूंना धरून ठेवणारा चिकटा पॉलिस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो, इपॉक्सीने विरघळत नाही.

घासण्याबद्दल फार लिहिण्यासारखे काही नाही. ते कंटाळवाणे आहे आणि टळत नाही. आधी पृष्ठभाग साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवावा, मग पॉलिश पेपर घ्यावा. मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. अंगावर काचेची धूळ बसली तर थंड पाण्याने धुवावे, चोळू नये. हाताला लागलेले रेझिन थिनरने पुसण्याची आपल्याकडची सवय वाईट आहे, त्याने ते कातडीत अधिक मुरते. हातमोजे बदलत राहणे हाच उपाय.

रंग पांढरा दिला. घरच्या हवेत घट्ट झालेले इपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि आपल्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. शिवाय सूर्यप्रकाशाने उघडे इपॉक्सी खराब होते, त्यामुळे पॉलियुरेथेन रंगाचे दोन हात बाहेरून आणि आतून आवश्यकच होते.

पहिली चाचणी रावेरकडच्या एका मित्राच्या केळीच्या मळ्यातील शेततळ्यात घेतली. प्लास्टिकचे अस्तर फाटू नये म्हणून काठावर पोती अंथरली, आणि ते अस्तर ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही म्हणून गाठी मारलेला दोर आधीच सोडून ठेवला. माझा हिशेब असा होता: होडी ४२ किलोची, पाण्यालगतचे क्षेत्रफळ सुमारे २.४ चौरस मीटर, म्हणजे दर २४ किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाणार. मागच्या फळीवर सेंटिमीटरची पट्टी चिकटवली आणि ४५ किलोच्या युरियाच्या तीन गोण्या ठेवल्या. हिशेब साडेसात सेंटिमीटरच्या जवळचा होता; पट्टी आठच्या थोडी अलीकडे थांबली. त्यानंतर गोण्या काढून होडी पाण्याने काठोकाठ भरली. पुढच्या आणि मागच्या बंद कप्प्यांनी तिला धरून ठेवले आणि आम्ही दोघे काठाला लटकलो तरी ती तळाशी गेली नाही. कप्प्यांची झाकणे उघडून आत हात फिरवला तेव्हा ते कोरडे होते.

धरणाच्या जलाशयात होडी घालण्याआधी लेखी परवानगी घेतली आणि मासेमारी करणाऱ्यांना त्यांची जाळी कुठे लावलेली असतात हे विचारून घेतले. पावसाळ्यात हतनूरचे ४१ दरवाजे उघडले जातात तेव्हा त्या पाण्याच्या जवळपासही जायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये चांगदेवच्या बाजूने होडी उतरवली तेव्हा एकच दुरुस्ती निघाली: एकटा माणूस मागच्या बाकावर बसला की नाक उचलले जाते आणि वारा ते वाटेल तिकडे वळवतो. त्यामुळे मधले बाक पक्के न करता दोन पट्ट्यांवर सरकते ठेवले आहे. एकटा असलो की ते पुढे ओढतो, दोघे असलो की मागे. आणि लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगात असते.