तीन पायांचा सर्जा आणि पाहुण्यांचा कुंदा

गेल्या पावसाळ्यात मी जर्मनीहून रजेवर बेळगावातल्या अनगोळला आले होते, तेव्हाच खानापूर रोडवर आमच्या कुत्र्याच्या, सर्जाच्या मागच्या डाव्या पायावरून टेम्पोचं चाक गेलं. हाडाचा चुरा, कातडी सोललेली, पंजा गार पडलेला. डॉक्टर बाबांशी कानडीत बोलले, आईशी मराठीत, आणि दोघांना एकच गोष्ट सांगितली: पाय ठेवला तर जनावर जाईल. मी परत श्टुटगार्टला आले तरी तिकडून विचारणा येतच असतात, ऑपरेशननंतर घरी आणल्यावर नेमकं करायचं काय? म्हणून एकदाच लिहून टाकते. त्यातलं सगळ्यात जिकिरीचं काम पाहुणे आवरण्याचं होतं, तिथवर येतेच.

सर्जा मुधोळ जातीचा. बाबांना त्याचा कोण अभिमान! 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. शिकारी जात, अंगावर चरबी नाही, बरगड्या दिसणार म्हणजे दिसणार. तीन पायांवर जगायला हेच शरीर सोयीचं. आमच्या नातेवाइकांना मात्र त्या बरगड्या बघून कायम वाटतं की हे कुत्रं उपाशी आहे. त्यात आता पाय गेलेला.

पाय मांडीच्या वरच्या भागातून काढला. पंजा चिरडला होता तर पंजाच का नाही काढला, असं मावशीनं विचारलं. खुंट लांब ठेवला तर कुत्रं तोच टेकायला जातं, फरशीवर घासून तिथं पुन्हा पुन्हा जखम होते. म्हणून बहुतेक वेळा वरूनच काढतात. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि 40 टक्के मागच्यांवर, त्यामुळं मागचा पाय गेलेलं कुत्रं तुलनेनं लवकर सावरतं. उरलेला मागचा पाय हळूहळू आत, शरीराच्या मध्याकडं सरकतो आणि कुत्रं तिकाटण्यासारखं उभं राहायला शिकतं.

घरी आणलं आणि पहिलं संकट उभं राहिलं ते आमच्या सोप्यात. बाबांनी नव्या टाइल्स घातल्यात, आरशासारख्या. सर्जा उठायला गेला की मागचा पाय बाहेर फाकायचा. या काळात असं एकदा घसरणं म्हणजे टाके उसवणं, किंवा उरल्या पायाचा गुडघा कामातून जाणं. बाबांनी उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून मशीनपुढं घालतात तसले रबरी मॅट आणले आणि त्याच्या अंथरुणापासून परड्याच्या दारापर्यंत वाट केली. सोप्याची सगळी शोभा गेली. वापरून मऊ झालेली गोधडी चालेल असं आईला वाटलेलं, पण गोधडी टाइल्सवर पायासकट सरकते. खाली रबर असेल तरच ती घाला. पंज्याच्या गाद्यांमधले केस बारीक कापले, नखं कापली. जिन्याच्या तोंडाशी जुना पाट आडवा लावला.

उठवायला आणि बाहेर न्यायला आजीचं जुनं लुगडं कामी आलं. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याची चौपदरी पट्टी करून पोटाखालून, मागच्या बाजूला घ्यायची आणि दोन्ही टोकं वर धरायची. कुत्र्याला उचलायचं नाही, फक्त तोल सांभाळायचा. नर कुत्रा असेल तर पट्टी थोडी पुढं घ्या, नाहीतर लघवी त्या लुगड्यातच. लघवीचंही त्यानं स्वतःच जुळवलं. आधी कोणता पाय वर करायचा हा प्रश्न पडलेला दिसायचा. मग पुढं झुकून, पाय न उचलताच उरकायला लागला. शी मात्र सुरुवातीला होईना आणि घर काळजीत पडलं. भुलीनं आणि दुखण्यावरच्या औषधांनी पोट मंदावतं, पहिली शी व्हायला तीन-चार दिवसही लागू शकतात. त्यापुढं गेलं तर डॉक्टरांना विचारायचं.

टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवायची आणि तिला जीभ लागू द्यायची नाही. गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला, त्याला गल्लीतली पोरं भोंगा म्हणू लागली. कुत्र्याच्या जिभेत औषध असतं हा आपल्याकडचा ठाम समज बाजूला ठेवा; चाटण्यानं टाके सैल होतात आणि जंतू आत जातात. शेजारच्या काकू हळद-तेल घेऊन आल्या होत्या, ते गोडीत परत पाठवलं. जखमेच्या खालच्या बाजूला थोडी सूज, काळं-निळं पडणं, पाणी साठून मऊ फुगवटा येणं हे होऊ शकतं. पण जागा गरम लागली, वास आला, पू आला, कुत्र्यानं खाणं सोडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

जर्मनीतल्या डॉक्टरांच्या सूचनापत्रात माशांचा उल्लेख मी पाहिलेला नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तोच पहिला मुद्दा हवा. ओल्या जखमेवर माशी बसली की अंडी घालते आणि बघता बघता अळ्या पडतात. आम्ही सर्जाच्या अंथरुणावर लहान मुलांची मच्छरदाणी लावली, फरशी दोन वेळा पुसली, रक्ताचा डाग लागलेलं कापड लगेच बदललं.

दुखण्याबद्दल. कुत्रं ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. धापा टाकणं, एका जागी न पडणं, थरथरणं, रात्रभर उभं राहणं, हे सगळं दुखण्याचंच. कधी कधी सर्जा गाढ झोपेतून एकदम केकाटून उठायचा आणि जिथं पाय होता तिकडं वळून बघायचा. नसलेला पाय माणसांना दुखतो तसा कुत्र्यांनाही दुखत असावा, असं डॉक्टर मानतात. नसांच्या दुखण्यावरची वेगळी गोळी त्यासाठी दिली होती. घरातली आपली गोळी मात्र चुकूनही देऊ नका. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, पॅरासिटामॉलही मनानं द्यायची नाही.

आता पाहुणे. सर्जाला बघायला वडगावहून मावशी आली, शहापूरहून आत्या, निपाणीहून बाबांचे मित्र तात्या. माणूस आजारी असल्यासारखी रीघ. आणि बेळगावात कुणी हात हलवत येत नाही. कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचे डबे आले. गोकाकहून सुकामेव्याचं करदंट आलं; मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात, म्हणून ते थेट कपाटात. मी आणलेली जर्मन चॉकलेटं तर विषच, ती आधीच वर ठेवली होती. मावशी सर्जापुढं बसून म्हणायची, "बिचारं की हो, पाय गेलाय त्याचा, एवढा घास खाऊ दे गं." सर्जाला सहानुभूती कळत नाही, कुंदा चांगला कळतो. पडून राहायच्या दिवसांत तेच खाणं चालू राहिलं तर वजन चढतं, आणि तीन पायांच्या कुत्र्याचं वाढलेलं प्रत्येक किलो उरलेल्या सांध्यांवर येतं. आज लाडानं दिलेलं दोन-तीन वर्षांनी लंगडण्यात वसूल होतं.

इथं माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्यांच्या ओटोला पुढचा पाय नाही, हाडाच्या कॅन्सरमध्ये गेला. त्याचं जेवणाचं भांडं चौरंगाएवढ्या उंचीवर असतं, म्हणजे पुढं वाकून तोल जात नाही. श्टुटगार्टमध्ये डोंगरउतारावरचे चारशेहून जास्त पायऱ्यांचे रस्ते आहेत; पायऱ्या उतरताना सगळा भार त्या एकाच पुढच्या पायावर येतो, म्हणून आजी लांबचा वळसा घेतात. रस्त्यात कुणाला ओटोला काही द्यावंसं वाटलं तर आधी आजींना विचारतात. नाही म्हटलं की हात खिशात, विषय संपला. अनगोळात नाही म्हटलं तर रुसवा पुढच्या लग्नापर्यंत टिकतो. त्यामुळं ओटोच्या आजींची पद्धत मला जशीच्या तशी उचलता आली नाही.

तोडगा आईनं काढला. उकडलेला लाल भोपळा आणि गाजराचे तुकडे, मीठ-फोडणी काही नाही, असा एक डबा सोप्यात ठेवला. "द्या की, हे द्या, डॉक्टरांनी सांगितलंय." पाहुण्यांचा घास घालायचा मान राहिला, कुंदा माणसांनी खाल्ला. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नव्हतं.

दुसरी दया उचलून घेण्याची. पहिले दोन आठवडे पट्ट्याला धरून लघवी-शीपुरतंच बाहेर न्यायचं, उड्या नाहीत, पळणं नाही. पण टाके निघाल्यावर त्याला स्वतः चालू द्यायचं. एक मोठा फेरा मारण्यापेक्षा दिवसातून चार-पाच छोटे फेरे बरे, कारण टणकत चालण्यात दम लवकर जातो. गंमत म्हणजे हळू चालणं तीन पायांना जास्त जड जातं, वेग घेतला की तोल सोपा होतो. मुधोळला वेग घेऊ न देणं ही वेगळीच शिक्षा. परड्यात मुंगूस दिसलं की पट्टा धरणाऱ्याचा खांदा निघायचा.

"इंजेक्शन देऊन सोडवा त्याला" म्हणणारेही दोघे-तिघे होते. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, चहा दिला.

तात्यांचा मात्र एक प्रश्न खरा होता: जयपूर फूट बसवता येईल का? माणसाला तो बसतो, कारण धरायला खुंट उरलेला असतो. सर्जाची मांडीच गेलेली, कृत्रिम पाय अडकवणार कशाला? कुत्र्यांसाठी तसे पाय बनतात, पण पायाचा खालचाच भाग गेला असेल तर. म्हणून कुणाला तो विचार करायचा असेल तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, नंतर वाट बंद होते. मग तात्या चाकांच्या गाडीवर आले. ती दोन्ही मागचे पाय निकामी झालेल्यांसाठी. एक पाय चांगला असलेल्या कुत्र्याला ती नुसती अडचण, असं डॉक्टरांनी त्यांना दोन भाषांत समजावलं. तात्या अजून दर फोनला त्या गाडीची किंमत विचारतात.