थर्लायची धावपट्टी

बेडफर्ड, शनिवार, रात्री

साडेनऊ वाजून गेले तरी बाहेर उजेड आहे, त्यामुळे झोपावंसं वाटत नाही. आज जावयांनी एकदाचं थर्लायला, तिथल्या बंद पडलेल्या विमानतळावर नेलं. इथून उत्तरेला, फार लांब नाही. हिचं म्हणणं, लोक लंडनला जाऊन राजवाडा बघतात आणि तुम्हाला सिमेंट बघायचंय. सिमेंटच आहे, नाही कशाला म्हणू. १०,५०० फूट लांब आणि ३०० फूट रुंद, म्हणजे नेहमीच्या धावपट्टीच्या दुप्पट रुंद. त्यावर आता गाड्या उभ्या करून ठेवल्यात, एकीला एक लागून. दक्षिणेच्या बाजूला मोटारी पळवायचा ट्रॅक झालाय. कुंपणाबाहेर उभं राहिलं की इंजिनांचा आवाज येतो आणि आपली मान आपोआप आभाळाकडे वळते. तिथे काही नसतं. विमानांचं काम १९९४ मध्येच थांबलं.

महायुद्धात इथे अमेरिकनांची बी-१७ बॉम्बर विमानं होती. त्यांच्या ३०६ व्या ग्रुपचं छोटंसं संग्रहालय आहे, जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात. ते नीट जपलंय, माणसं आपुलकीने बोलतात. पण मी आलो होतो त्या नंतरच्या चाळीस वर्षांसाठी. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी इथे मोठी धावपट्टी बांधली आणि संशोधनाचा तळ केला. १९५५ पासून त्याचं नाव रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट, बेडफर्ड. कॉन्कॉर्डच्या त्रिकोणी पंखाचं विमान कमी वेगात कसं वागेल हे पाहायला बनवलेलं एचपी ११५ इथूनच १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. पण माझ्या नोकरीचा धागा त्याच्याशी नाही. तो विमानवाहू जहाजाच्या वस्तूंशी आहे : विमान पुढे फेकणारी कॅटापल्ट, उतरलेलं विमान अडवणारी अरेस्टर वायर आणि टोकाशी वर वळलेला रॅम्प, म्हणजे स्की-जंप. ही सगळी मंडळी समुद्रापासून इतक्या लांब, गव्हाच्या शेतांमध्ये तपासली जायची याची मला गंमत वाटत आली आहे. जावयांना ती कळेना. मी म्हटलं, अहो, डेकवर दुसरा चान्स मिळत नाही, म्हणून पहिले सगळे चान्स जमिनीवर घ्यायचे.

जुन्या विक्रांतवर, आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावर, मी अलिझे या पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांच्या मेंटेनन्सला होतो. १९६१ मध्ये विक्रांत आपल्याकडे आली तीच स्टीम कॅटापल्ट, तिरका डेक आणि उतरण्यासाठीचा आरसा घेऊन. तिन्ही ब्रिटिशांनी नुकत्याच शोधलेल्या गोष्टी. स्टीम कॅटापल्ट मिचेल नावाच्या माणसाची. १९५०-५१ मध्ये एचएमएस पर्सियस जहाजावर तिच्या चाचण्या झाल्या, आणि सुरुवातीला त्यात बिनपायलटची विमानं सरळ समुद्रात फेकली होती. कॅटापल्ट सुटायच्या आधीचा तो क्षण मला अजून हाताला जाणवतो. डेकच्या फटीतून गरम वाफ पायाशी पसरलेली, बूट ओले. विमान पुढून कॅटापल्टच्या दोराने ओढलेलं आणि मागून होल्डबॅकने धरलेलं. पायलट इंजिन पूर्ण चढवतो, विमान थरथरतं, पण जागचं हलत नाही. मग वाफ सुटते, होल्डबॅकची कडी ठरलेल्या भाराला तुटते आणि विमान गेलेलं असतं. तुटलेला तुकडा डेकवर खणकन वाजायचा. आमचे चीफ तो लगेच उचलायला लावत, कारण डेकवर सुटा धातू म्हणजे पुढच्या इंजिनाचा जीव.

आरशाची गोष्ट मी आज जेवताना सांगितली आणि नातवाला फार आवडली. गुडहार्ट नावाच्या नौदल अधिकाऱ्याला पायलटने बॅट्समनच्या, म्हणजे डेकवरून इशारे करणाऱ्या माणसाच्या हातवाऱ्यांवर विसंबणं बंद करायचं होतं. त्याने ऑफिसातल्या सेक्रेटरीचा पावडरचा आरसा घेतला, तिच्याच लिपस्टिकने त्यावर आडवी रेघ ओढली, टेबलावर टॉर्च ठेवला आणि तिला सांगितलं, दिव्याचं प्रतिबिंब रेघेवर धरून चालत ये. बिचारीची हनुवटी टेबलाला लागली. म्हणजे ती बरोबर उतरली! नातू ताबडतोब आईची लिपस्टिक मागायला गेला. मिळाली नाही.

पण सगळंच असं जमून येत नसे. फार्नबरोला, या संस्थेच्या मुख्य तळावर, १९४७ च्या डिसेंबरात त्यांनी रबरी डेक करून पाहिला. खाली हवा भरलेले होजपाइप आणि वर रबराची चादर. कल्पना अशी की विमानाला चाकंच नकोत, पोटावर उतरवायचं. चाकांचं वजन वाचेल, पेट्रोल जास्त नेता येईल. एरिक ब्राउन हा चाचणी पायलट व्हँपायर जेट घेऊन पहिल्यांदा आला तेव्हा विमान आपटलं आणि मोडलं, तो मात्र धडधाकट बाहेर पडला. पुढे त्याने एचएमएस वॉरियरवर तसं उतरूनही दाखवलं. तरी ते बारगळलं, आणि बरंच झालं. एकदा पोटावर उतरलेलं विमान डेकवरून हलवायचं कसं? क्रेन आणायची, ट्रॉली आणायची, तोवर मागचा वर घिरट्या घालतोय. हे पायलटला पटकन सुचत नाही. डेकवर विमान ढकलणाऱ्याला पहिल्या मिनिटात सुचतं.

आता स्की-जंप. मी मुख्यत्वे त्याचीच जागा बघायला आलो होतो, आणि खरं सांगायचं तर ओळखण्यासारखं मला काही दिसलं नाही. नुसतं सपाट. पण ५ ऑगस्ट १९७७ ला हॅरियरने, म्हणजे थोड्याशा धावेत उडणाऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानाने, पहिली उडी मारली ती इथे. डग टेलर नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रबंध लिहून ही कल्पना मांडली होती. पोलादी रॅम्प, कोन बदलता येणारा, सहा अंशांपासून वीसपर्यंत. सहाने सुरुवात केली आणि हळूहळू चढवत नेलं. युक्ती ऐकायला सोपी आहे. रॅम्पच्या टोकावर सुटताना विमानाला उडण्यापुरता वेग नसतोच. पण ते वरच्या दिशेने फेकलेलं असतं, म्हणून खाली यायला लागायच्या आत काही सेकंद हातात मिळतात आणि तेवढ्यात इंजिन उरलेला वेग भरून काढतं. सपाट डेकवरून तेवढ्याच वेगाने सुटलं असतं तर पाण्यात. शिवाय जहाज लाटेवर नाक खाली घालत असलं तरी रॅम्प विमानाला वरच पाठवतो. पुढच्याच वर्षी फार्नबरोच्या एअर शोमध्ये त्यांनी लष्कराच्या जोडपुलाचे भाग लावून रॅम्प उभा केला आणि लोकांसमोर हॅरियर उडवलं. इंजिनिअरने असं काहीतरी आयुष्यात एकदा करावं.

आमच्याकडे सी हॅरियर, हॅरियरचाच नौदलासाठीचा प्रकार, आली १९८३ मध्ये, गोव्यात दाबोळीला. ३०० स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स. पुढे विराट या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर मी ती जवळून पाहिली. रॅम्प बारा अंशांचा. डेकवर मागे उभं राहिलं की पुढे समुद्र दिसतच नाही, करड्या रंगाची भिंत दिसते. विमान त्या भिंतीच्या दिशेने जातं, टोकाशी पायलट नॉझल, म्हणजे इंजिनाच्या झोताची तोंडं, खाली वळवतो आणि पुढच्या क्षणी पोट दिसतं. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण श्वास धरायचा. विक्रांतलाही नंतर रॅम्प बसवला, कॅटापल्ट काढली आणि अलिझे कायमची किनाऱ्यावर आली. मला तेव्हा राग आला होता. अजूनही थोडा आहे. कॅटापल्ट जड विमानही उचलते, रॅम्पवर तेल आणि शस्त्रं मोजून न्यावी लागतात. पण रॅम्प बिघडत नाही, वाफ मागत नाही, त्याला रात्रपाळी लागत नाही. मेंटेनन्सचा माणूस याविरुद्ध किती बोलणार?

जावयांनी विचारलं, मग आपण अशा चाचण्या कुठे करतो? मी म्हटलं, माझ्या घराजवळ. आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर, दाबोळीलाच, किनाऱ्यावर डेकची प्रतिकृती केली आहे : एका बाजूला रॅम्प, दुसरीकडे अरेस्टर वायर. २० डिसेंबर २०१४ ला नौदलाचं तेजस त्या रॅम्पवरून उडालं आणि १३ सप्टेंबर २०१९ ला तिथेच वायर पकडून थांबलं. थर्लायला जे शेतात केलं तेच. गोव्याला उतरणारे कितीतरी पर्यटक त्याच विमानतळावर येतात, डावीउजवीकडे बघतही नाहीत, टॅक्सीवाल्याशी भाव करत असतात.

दुपारी नातवाचा हट्ट. इथल्या वाऱ्याच्या बोगद्यांपैकी उभा बोगदा आता लोकांना हवेत तरंगवायला वापरतात, तिकीट काढून. पूर्वी त्यात खालून वर वारा सोडत आणि विमानाचं छोटं मॉडेल हाताने गिरकीत टाकून बघत, ते सावरतं की नाही. खरं विमान गिरकीत सापडलं तर पायलटने काय करायचं याची उत्तरं अशा मॉडेलांवरून मिळाली. नातू हेल्मेट घालून आत गेला, गाल फुगले, दात दिसायला लागले, आणि तो दोनदा उलटा झाला. मी काचेबाहेरून रडरचे इशारे करत होतो. त्याने एकही पाहिला नाही. दुसरा एक बोगदा, तेरा बाय नऊ फुटांचा, फॉर्म्युला वनच्या रेड बुलवाल्यांनी घेतला. तिकडे अर्थातच कुणी आत सोडत नाही.

पुढच्या आठवड्यात फार्नबरोला जायचं ठरतंय. तिथल्या संग्रहालयात जुने कर्मचारी स्वयंसेवक म्हणून बसतात असं ऐकलंय. सगळे कॉमेट या प्रवासी जेटच्या टाकीबद्दल विचारत असणार, १९५४ मध्ये विमानाचं आख्खं धड पाण्यात बुडवून, दाब चढवून-उतरवून फुटेपर्यंत तपासलं ती. मला विचारायचं आहे होल्डबॅकच्या कडीबद्दल. ती कुठल्या भाराला तुटावी हे कुणी ठरवलं आणि ठरवण्यासाठी किती तोडल्या? आमच्याकडे त्या मोजून यायच्या आणि चीफ सही केल्याशिवाय एकही देत नसत.