पाडा नंबर तीनपर्यंत

शनिवार, रात्रीचे १२.४०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. पाय दुखतायत, पोटात साडेचारशे रुपयांचे पॉपकॉर्न आहेत आणि डोळ्यासमोरून तो पिक्चरमधला पिवळा उजेड काही हटत नाहीये.

खरं तर मराठी पिक्चर बघायचं ठरलं होतं. ऑफिसातली मैत्रीण आणि मी, गेले तीन शनिवार नुसतं जाऊ जाऊ चाललेलं, आज एकदाचं जमलं. हायवेलगतच्या मॉलमधे सव्वासातचा शो, मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने सरकत सरकत कसेबसे पोचलो, धापा टाकत वर गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, मॅडम तुमची दोन धरून चारच तिकिटं गेलीत, शो कॅन्सल, पैसे पाच-सात दिवसात परत येतील. झालं! २०१५ मधे सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी लावा म्हणून सांगितलं तेव्हा काय गाजावाजा झाला होता, आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग ओरड झाल्यावर दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. आणि आख्ख्या ठाण्यातून आम्ही चौघं. चिडले मी, पण मागचे दोन मराठी पिक्चर मीसुद्धा मोबाइलवरच बघितलेत, त्यामुळे फार आवाज न करता शेजारच्या स्क्रीनचा हिंदी गँगस्टरवाला घेतला. आलोच आहोत तर.

नको घ्यायला हवा होता. अडीच तास नुसता धूर आणि शिव्या. एक मुस्लिम वस्ती दाखवलीय, तिथे सूर्य मावळतच नाही, सगळं हळदीत बुडवून काढल्यासारखं, आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी गल्लीतून पिस्तूल घेऊन पळतोय, मधे एक बकरी. मैत्रीण आधी गप्प होती. तिसऱ्यांदा पाठलाग सुरू झाल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अगं, एवढी मोकळी गल्ली कुठाय आमच्याकडे? दोन्ही बाजूला बाइक लावलेल्या असतात, पळणार कुठून हा?" मला हसू आवरेना. पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळून बघून गेला.

ती मुंब्र्याची, ठाण्यापुढच्या मुस्लिम वस्तीतली. मूळचे रत्नागिरीकडचे, वडील भायखळ्याला राहायचे, ९२-९३ च्या दंगलीनंतर घर विकून मुंब्र्याला आले, तेव्हा असे कितीतरी जण आले. आमची टेबलं शेजारी शेजारी लागून चार वर्षं झाली, डबा रोज एकत्र खातो, तिच्या घरचं सुकं मटण मी तिच्याहून जास्त खाल्लंय, पण तिच्या घरी मी एकदाही गेलेले नाही. दरवेळी काहीतरी निघतं. आज काळोखात बसल्या बसल्या ते एकदम लक्षात आलं आणि जरा घाम फुटला, एसी फुल असताना. मुंब्रा मी बघितलंय ते ट्रेनच्या खिडकीतून, एकीकडे डोंगरावर मुंब्रादेवी आणि दुसरीकडे खाडी, बस्स. बाकी सगळं ऐकीव.

आणि हे कोण म्हणतंय तर मी, लोकमान्य नगरची! शाळेत नौपाड्याच्या मैत्रिणी माझ्या वाढदिवसाला यायच्या नाहीत, त्यांच्या आयांना आमच्या पत्त्यातला पाडा नंबर हा शब्दच पुरायचा. तिकडे मारामाऱ्या होतात म्हणे. व्हायच्या की, नळावर. वागळे इस्टेटच्या कंपन्यांमधे कामाला जाणारी माणसं सगळी, तिन्ही शिफ्टची, त्यामुळे रात्री दोनलाही रस्त्यावर कोणीतरी ओळखीचं डबा घेऊन जाताना दिसायचं. त्यांच्याकडच्या घंटाळीच्या सुनसान गल्लीत मला जास्त भीती वाटायची. आणि येऊरच्या जंगलाच्या पायथ्याला आम्ही राहतो म्हणून बिबट्यावरूनही चिडवायचे, तर तो २०१९ मधे समता नगरच्या मॉलमधे जाऊन आला, आमच्या पाड्यात नाही.

इंटरव्हलला तिला विचारलंच, तुला खरंच कशाची भीती वाटते का गं तिकडे. म्हटलं तर वाईट प्रश्न. तिने पॉपकॉर्न चावत सरळ उत्तर दिलं, बिल्डिंगची आणि दाराची. बिल्डिंग म्हणजे ४ एप्रिल २०१३, शिळफाट्याजवळ काम चालू असलेली बेकायदा इमारत पडली, ७४ माणसं गेली, तेव्हापासून त्यांच्या घरी भिंतीला चीर दिसली की तिचे अब्बा पेन्सिलने बाजूला तारीख लिहून ठेवतात, वाढली का बघायला. आणि दार म्हणजे लोकलचं. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल बाजूने गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली, चार जण त्या दिवशीच गेले. ती त्या दिवशी उशिरा निघाली होती, एवढंच म्हणाली. पिस्तूलवाला आजवर दिसला नाही म्हणे, हा पहिलाच, आणि तोही मी तिकीट काढून दाखवलाय.

सेकंड हाफ आम्ही बघितला नाही म्हटलं तरी चालेल. पेन्सिलीच्या तारखा डोक्यात फिरत होत्या माझ्या.

सुटलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. रिक्षावाले मुंब्रा ऐकलं की मान हलवून पुढे. पाच गेले तसे. मी मोठ्या मनाने म्हटलं, आज राहा की माझ्याकडे, सकाळी जा. तर ही चक्क ओशाळली. "नको गं... अम्मी म्हणते लोकमान्य नगरला रात्रीचं जायचं नाही, तिकडे गुंड असतात." आम्ही दोघी रस्त्यावर उभ्या राहून इतक्या हसलो की वॉचमन उठून आला.

शेवटी स्टेशनपर्यंत रिक्षा मिळाली. तिला स्लो होती, लेडीज डबा जवळजवळ रिकामा, तरी मी म्हटलंच आत बस हं. हो गं आई, म्हणाली. पुढच्या शनिवारी दुपारी जेवायला ये म्हणून बजावलं, मी हो म्हटलंय, काही निघायला नको आता.

मी बाहेर येऊन स्टँडवर उभी. टीएमटीची बस गेलेली, शेअरवाले गायब. अर्ध्या तासाने तिचा मेसेज, "पोचले. जेवतेय. तू?" मी अजून तिथेच, सातव्या रिक्षावाल्याशी बोलत. लोकमान्य नगर म्हटल्यावर त्याने मला खालून वर बघितलं.

"पाडा नंबर?"

"चार."

"तीनपर्यंत सोडतो. पुढे नाय येणार."